मयताच्या बातमीला दोन तोंडं

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ९.१०. मोबाईलवर एक ओळ. 'भाऊसाहेब यांनी तुम्हाला काढून टाकले.' पेपरच्या ग्रुपमधून. तेवीस वर्षं कळमनुरीचा तालुका वार्ताहर, आणि निरोप दिला मशीननं. भा.सा. मालक, संपादकही तेच, हिंगोलीत बसतात. दिवाळीनंतर म्हणाले होते की रोजचा अंक बंद करतोय, आता आठवड्याला एकच, बाकी सगळं फेसबुक आणि यूट्यूबवर, कारण लोक तिकडं गेलेत. "तुमचं पण काहीतरी बघू." बघितलं.

दोनदा फोन लावला. उचलला नाही. मग मेसेज केला, 'भेटायचं होतं'. उत्तरात अंगठा आला.

सौ. म्हणाली, जेवून घ्या. जेवलो. राग आला की मला दुप्पट भूक लागते. तिनं न विचारता तिसरी भाकरी टाकली.

५ फेब्रुवारी

माझ्या जागी ऋषी. हुद्दा 'डिजिटल हेड'. वारंग्याचा पोरगा, पाच वर्षांपूर्वी मीच भा.सा.कडं नेला होता. शिफारस मी केली, हे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणाची करताना आठवेल.

त्याला बातमी मी शिकवली. वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात, कागद उडू नये म्हणून वर चहाचा कप ठेवून. पहिला धडा हा: मयताच्या बातमीला दोन तोंडं लागतात. एक घरातलं, एक घराबाहेरचं. दोघं बोलल्याशिवाय माणूस मारायचा नाही. तेवीस वर्षांत मी एकही जिवंत माणूस मारला नाही. पण न केलेल्या चुकांची बातमी होत नाही.

माझ्या बातम्यांवर नाव कधी नसायचं. '(प्रतिनिधी)'. तेवीस वर्षं कंसात काढली. ऋ.चं नाव, फोटो, आवाज आणि नवं जाकीट, सगळं बातमीच्या आधी येतं.

९ फेब्रु.

आज त्यानं हळदीवर रील टाकली. मागं धूर, कढई, बासरी. आणि तोंडात माझं वाक्य. 'हळद शिजायला लागली की गावाला आपलाच वास नवा वाटतो.' हे मी लिहिलंय. रविवारच्या पुरवणीत, पान तीन. आधीची तीन वाक्यंही माझीच. तेव्हा एका माणसाचं पत्र आलं होतं. आता खाली हजारभर बदाम. 'काय बोलतोस भावा.' 'अंगावर काटा.'

मी खाली लिहिलं, 'हे वाक्य माझे आहे.' कुणीतरी हसणारी तोंडं टाकली. थोड्या वेळानं बघितलं तर माझी ओळच गायब.

भोगायला लावीन. कसं ते ठरलं नाही. पण लावीन.

१२ फेब्रु.

भा.सा.चा निरोप आला, ऋ.मार्फत. माझ्या ग्रुपवर त्याला ॲडमिन करा म्हणे. 'कळमनुरी घडामोडी', साडेआठशे माणसं. पोलीस पाटील, कंडक्टर, कृषी केंद्रवाले, तांड्यांवरचे नायक, दोन नर्सबाई. एकेक नंबर मी उन्हात फिरून गोळा केला. पेपर त्यांचा होता, माणसं माझी आहेत. नाही म्हणून कळवलं. ऋ. सदस्य आहे, तेवढं पुरे.

त्यांच्या पेजवरच्या चुकांना लाल गोल करून ग्रुपवर टाकायला लागलोय. आज तीन टाकल्या. पुलाचा फोटो भलत्याच पुलाचा होता. वाटलं, लोक पेटून उठतील. एका पाटलानं लिहिलं, 'जाऊ द्या ना सर.' दुसऱ्यानं गुलाबाचं फूल टाकलं, शुभ दुपार.

१७ फेब्रु., सोमवार

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि हसूच आलं. सौ.मुळे.

ऋ.चा फोन आला होता. डोंगरकड्याकडं ट्रक उलटलाय, कुणी गेलंय का, काका जरा विचारून सांगता का. मी विचारलं, सांगितलं, कुणी गेलं नाही, ड्रायव्हरचा हात मोडलाय. फोन ठेवला. सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमचा राग हाय का न्हाई त्याच्यावर? रोज तर बोलून राहिलात."

मोबाईलमध्ये मोजलं. मला काढल्यापासून त्याचे नऊ फोन. नऊही मी उचलले. नऊ बातम्यांची खात्री करून दिली, आणि रात्री त्याच पेजला शिव्या दिल्या. इतकी जुनी सवय की हात आपोआप जातो.

म्हणजे त्याच्या बातमीचं दुसरं तोंड अजून मीच आहे.

१९ फेब्रु.

पेजचं नवं घोषवाक्य: 'आधी खात्री, मग बातमी.' भा.सा.नी स्टेटसला ठेवलंय. मोठमोठे पेपर अफवांत अडकतात, आपण अडकत नाही, असं कुठल्याशा सत्कारात बोलले म्हणे.

ती खात्री इथं कळमनुरीत बाजेवर बसलीय आणि तिला ग्रुपमधून काढलेलं आहे.

ठरलं. खोटं सांगायचं नाही. खोटी बातमी मी जन्मात दिली नाही आणि या दोघांपायी आता देणार नाही. फक्त एखाद्या दिवशी उचलायचा नाही. मोठी बातमी बघून. पोरगं दहा मिनिटं थांबेल. त्यापुढं भा.सा. थांबू देत नाहीत, त्यांना सगळ्यांच्या आधी हवं असतं. मग जे व्हायचं ते होईल, त्यांच्या हातानं.

आज छान झोप लागेल.

२२ फेब्रु., शनिवार

किसनआबा आले. कुरुंद्याचे, हळदवाले, पंच्याहत्तर पार. पोटी लेकरू नाही, बायको जाऊन चार वर्षं झाली. पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. वर त्यांचाच फेटेवाला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत तेरवी, १६ मार्च. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.

स्वतःची तेरवी जिवंतपणी घालणारे आमच्याकडं अधूनमधून निघतात. मागं करणारं कुणी नसतं असे. आबांना पुतणे आहेत पण भरवसा नाही. म्हणाले, "जलमभर दुसऱ्याच्या तेरव्या जेवलो. माझ्या तेरवीला कोण किती बुंदी हाणतंय, ते मला बघायचंय." कार्डाच्या तळाशी 'निमंत्रक: स्वतः' असं छापलंय. ते बोट ठेवून दाखवलं, दोनदा.

बहिणीला, गयाबाईंना, अजून सांगितलेलं नाही. त्या आखाडा बाळापूरला असतात. आधी रडेल, मग भांडेल, म्हणून आबा आठ दिवस आधी स्वतः जाऊन घेऊन येणार. तोवर तिच्या कानावर जाऊ नये, एवढं सांभाळ म्हणाले. गावातही फार वाटलेली नाहीत कार्डं.

बातमी मी लिहावी म्हणतात. पेपर आता माझा नाही, हे सांगितलं. म्हणाले, "पेपर कोनाचा बी असू दे. लिहायला तूच."

बरं वाटलं. फार दिवसांनी. कार्ड टेबलावर उभं करून ठेवलंय.

२७ फेब्रु.

ऋ.चे दोन फोन. दोन्ही उचलले. किरकोळ होते. घाई नाही.

४ मार्च, मंगळवार

झालं.

दुपारी दोनच्या सुमारास ग्रुपवर आबांच्या कार्डाचा फोटो आला. कुठून कुठून फिरत आलेला, तळ कापलेला. फेटा, नाव, तेरवी, १६ मार्च. 'निमंत्रक: स्वतः' नाही. तीन-चार मिनिटांत खाली जोडलेल्या हातांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली. देवमाणूस गेला. साडेआठशेंतल्या एकानंही विचारलं नाही, कधी गेले. लोकांनी उलटं मोजलं असणार. सोळा तारखेला तेरावा, म्हणजे आज गेले. हिशोब बरोबर बसत होता.

मी लिहायला घेतलं, 'थांबा, आबा जिवंत'. एवढं टाइप झालं होतं. तेवढ्यात ऋ.चा फोन.

मी लिहिलेलं पुसलं आणि वाजू दिलं.

२.११, २.१३, २.१४, २.१८, २.२४. पाच. मध्ये एक मेसेज. 'काका किसनआबांचं खरं का? त्यांचा फोन लागत नाही. आज गेले असतील तर कार्ड आजच कसं छापून आलं?' मुद्दा बरोबर होता. शाबास म्हणण्यासारखा. मीच शिकवलंय. उत्तर माझ्यासमोर टेबलावर उभं होतं, अख्खं, तळासकट.

सौ. समोर शेंगदाणे पाखडत होती. म्हणाली, "उचला की. कवाचा वाजून राहिला." मी म्हणालो, नंतर. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कार्डाकडं.

२.३१ ला पेजवर आलं. आबांचा फोटो काळापांढरा केलेला, गुलाबाच्या पाकळ्या, व्हायोलिन. 'कुरुंद्याचे प्रगतिशील हळद उत्पादक किसनराव यांचे दुःखद निधन.' 'आधी खात्री, मग बातमी' ही पट्टी खालून सरकत होती.

ती पट्टी मी चार वेळा बघितली. मी खोटं बोललेलो नाही. मी काहीच बोललेलो नाही. चार वाजता परत जेवलो.

५ मार्च

चुलीत जावो सगळं.

ऋ.ला चैन पडली नव्हती. पोस्ट टाकली आणि हार घेऊन तडक कुरुंद्याला गेला, दुसरं तोंड स्वतःच शोधायला. तर आबा कढईपाशी उभे, हळदीवर ओरडत. यानं तिथंच लाईव्ह सुरू केलं. कॅमेऱ्यासमोर पाय धरले, चूक झाली म्हणाला, डोळ्यांत पाणी. आबा तर खूशच. जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडं मानतात. तोच हार गळ्यात घालून घेतला आणि म्हणाले, "दहा वरसं वाढवलीस लेकरा. बुंदीला ये."

लाखाच्या वर लोकांनी बघितलं. 'मेलेले आबा हळद शिजवताना सापडले.' पुण्यामुंबईच्या पेजांनी उचललं. भा.सा.च्या स्टेटसला टाळ्या.

आमच्या वेळी चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दिलगिरी आणि आठवडाभर बाजारात खाली मान. यांनी दिलगिरीलाच गाणं लावलं. मी खड्डा खणला आणि त्यांनी त्यात विहीर बांधून घेतली. हात चोळत बसलोय.

६ मार्च, गुरुवार

सकाळी कंडक्टरनं सांगितलं. दोन वेळा विचारून खात्री केली.

गयाबाईंना मंगळवारी तीनच्या सुमारास कळलं, पिठाच्या गिरणीत, कुणाच्यातरी मोबाईलवर. व्हायोलिनसकट. दळण तिथंच टाकून निघाल्या, कुणाला न सांगता, अनवाणी. जीपनं वारंगा फाट्यापर्यंत आल्या. कुरुंद्याकडची गाडी सुटत होती म्हणून धावल्या आणि पडल्या. खुबा मोडला. तिकडं आबा हार घालून हसत होते, तेव्हा या इकडं रस्त्याच्या कडेला आडव्या होत्या. लोकांनी नांदेडला नेलं. ऑपरेशन झालं.

त्यांना माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. मला सांभाळायला सांगितलं होतं.

मला ऋ. पाहिजे होता. भा.सा. पाहिजे होते. म्हातारी नको होती मला.

जेवलो नाही.

८ मार्च

गयाबाईंची दोन्ही मुलं हिंगोलीला पेपरच्या ऑफिसात जाऊन बसली. पोलिसात देतो म्हणतात. जित्या माणसाला मारलं, ते हसण्यावारी नेलं, आमची माय मोडून पडली. लोकही फिरले. ज्या लाईव्हखाली परवा बदाम होते तिथं आज चपला.

संध्याकाळी पेजवर निवेदन. 'बातमीची खातरजमा न करता ती प्रसिद्ध केल्याबद्दल संबंधित प्रतिनिधीस कार्यमुक्त करण्यात आले आहे.' नाव नाही. प्रतिनिधी. बस कंसात आता तू पण.

पाच वेळा वाचलं. खरं लिहायचं तर आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद आधी आला. सौ.ला भजी कर म्हणालो. तिनं केली नाहीत. तेल संपलंय म्हणाली. तेल होतं.

१० मार्च, सोमवार

भा.सा.चा फोन. स्वतः. पहिल्या घंटीला उचलला. चिडून ऐकायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

म्हणाले, झालं गेलं विसरा. लोकांना आता भरवशाचा चेहरा पाहिजे, वयानं मोठा. दर आठवड्याला दहा मिनिटांचा कार्यक्रम, नाव 'खातरजमा'. कुठली बातमी खरी, कुठली खोटी, ती कशी तपासायची, हे मी सांगायचं. कॅमेरा त्यांचा, गाडी त्यांची. पडद्यावर माझं नाव, पूर्ण. आणि ग्रुपचंही बघू म्हणाले, एकत्रच करू आता.

बोलणं संपायच्या आत हो म्हणालो. ग्रुपलासुद्धा बहुतेक हो म्हणालो. नीट आठवत नाही.

तेवीस वर्षांचं उट्टं निघालं. ज्यानं माझं वाक्य चोरलं तो घरी आणि माझं तोंड त्याच्या जागेवर. सूड म्हणतात तो हाच असणार.

११ मार्च

ऋ. घरी आला होता. जाकीट नव्हतं.

मला वाटलं, भांडायला आलाय. मी तयारच होतो, हळदीचं वाक्यसुद्धा पाठ करून बसलो होतो. तो आधी सौ.च्या पाया पडला, मग माझ्या. चहा घेतला. गयाबाईंना बघून आल्याचं सांगितलं, त्यांच्या मुलांनी आत सोडलं नाही, दारातून बघितलं.

मीच म्हणालो, भा.सा.नी फार घाईनं काढलं तुला. खोटं खोटं.

तो म्हणाला, "साहेबांनी इचारलं, कोनाला इचारून टाकलं. मी म्हणलो, कोनालाच न्हाई."

"काहून?"

"पाच फोन केले म्हणलो असतो, तर तुमी उचलले न्हाईत हे बी निघालं असतं. तुमाला आबानं कार्ड दिलं व्हतं, हे मला आबाकडूनच कळलं, त्या दिवशीच." कपाकडं बघत बोलत होता. "मला बघणारे लोक हायत काका. ते कुठं बी मिळतेत. तुमच्याकडं माणसं हायत. ती एकदा गेली की गेली."

सौ. आत निघून गेली.

जाताना दारात थांबला. "आजारी व्हते का तुमी त्या दिवशी?"

मी म्हणालो, व्हय.

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. गेला.

११ मार्च, रात्री

शांत बसवत नाही म्हणून पुन्हा लिहितोय. कसला मोठेपणा हा? कुणी मागितला होता? मला वाचवून त्यानं मला त्याच्या मुठीत घेतलं. फोनचे फोटो काढून ठेवले असतील. ठेवले नसतील तर जास्तच वाईट. माणसानं समोर येऊन दोन शिव्या द्याव्यात, हिशोब मिटतो. असा उपकार करून जाणं म्हणजे मी केलं त्याच्यापेक्षा वरचढ झालं. त्याला अद्दल घडवायला निघालो होतो.

वाक्याबद्दल विचारायचं राहिलंच.

१३ मार्च, गुरुवार

नांदेडला जाऊन आलो. गयाबाई कॉटवर, पायाखाली उशी लावलेली. शेजारी आबा स्टुलावर बसून बहिणीला मोसंबी सोलून देत होते. फेटा नव्हता. मला पहिल्यांदा ओळखूच आले नाहीत, इतके लहान दिसले.

तेरवी रद्द केली. बुंदीवाल्याला, मंडपवाल्याला नको सांगितलं. गयाबाई म्हणत होत्या, व्हऊ दे की, मला उचलून न्या. आबा ऐकत नाहीत. आयुष्य वाढलं ते कुणाच्या पायानं वाढलं, असं काहीतरी पुटपुटत होते.

बाहेर सोडायला आले. व्हरांड्यात मला म्हणाले, "तुझ्याकडं कार्ड व्हतं. त्या पोरानं तुला एक डाव इचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. पर त्यानं इचारलंच न्हाई म्हणतेत. त्याचं चुकलं."

मी मान हलवली.

हलवली. तोंडानं काही म्हणालो नाही, हे पुन्हा एकदा. पण या वेळी मान हलली.

"तुझं बरं झालं," म्हणाले. "टीव्हीवर येनार म्हणं तू."

१४ मार्च

भा.सा.नी ग्रुप ताब्यात घेतला. सोमवारच्या होकाराचं त्यांनी लगेच बघितलं. आता ॲडमिन मी आणि पेपरचा नंबर. पहिला मेसेज त्यांचाच पडला, उद्यापासून नवा कार्यक्रम, माझा फोटो, खाली पूर्ण नाव. साडेआठशेंतले बरेच अभिनंदन म्हणाले. गुलाबाची फुलं. पोलीस पाटलांनी लिहिलं, 'खऱ्याला दिवस आले सर.'

ऋ. ग्रुपवर दिसत नाही. त्याला काढलंय की तो स्वतः गेला, वर जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. बघितलं नाही.

१४ मार्च, संध्याकाळी

भा.सा.च्या ऑफिसातून बोलायचा मजकूर आला, कागदावर उतरवून घेतला. पहिला भाग आबांवरच. शूटिंग उद्या नांदेडला, दवाखान्याच्या आवारात, जमलं तर आबाही सोबत. मी पहिलं वाक्य बोलायचं ते असं: 'त्या दिवशी मला एक फोन केला असता, तर ही चूक झालीच नसती.'

मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून सराव केला. पहिल्यांदा 'एक' म्हणताना अडखळलो. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा तर आवाज असा लागला की मलाच पटलं. चौथ्यांदा सौ. येऊन समोर बसली. पूर्ण ऐकून घेतलं.

विचारलं, कसं वाटतंय.

"चांगलं म्हणून राहिलात," ती म्हणाली. "मी त्या दिवशी घरात नसते, तर मी बी मानलं असतं."

मग उठून माझ्या शर्टाला इस्त्री करायला गेली. रागानं नाही. रागानं केली असती तर बरं झालं असतं, रागाशी मला भांडता येतं.

बसून दुसरा कागद लिहिला. 'त्या दिवशी मला पाच फोन आले. मी घरीच होतो. आजारी नव्हतो.' तीन वाक्यं. पुढं काय लिहावं ते सुचलं नाही. हे बोललो तर भा.सा. ते कापतील, किंवा त्याहून वाईट, कापणार नाहीत, गाणं लावतील. आबा शेजारी बसलेले असतील. गयाबाई वर खिडकीपाशी. न बोललो तर पोरगं आयुष्यभर माझा ठपका वाहतंय, आणि मी दर आठवड्याला दहा मिनिटं लोकांना खरंखोटं शिकवतोय. ऋ.नं माझ्यासाठी ठेवलेला हा वाटा मला गिळवत नाही आणि थुंकवतही नाही. आणि अजूनही त्याचा रागच येतोय, हेही खरं.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

गाडी नऊला येणार. आबांचा फोन येऊन गेला, मी उचलला. फेटा बांधू का म्हणत होते. बांधा म्हणालो.

दोन्ही कागद खिशात घातलेत.